लेव्हल ३ चं टार्गेट आलंय, नेमकं काय बदलायचं?

सांजवेळ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

आमची साठेक माणसांची सॉफ्टवेअर टीम आहे. एका मोठ्या ग्राहकाच्या टेंडरमध्ये सीएमएमआय (कामाची पद्धत किती पक्की आहे हे पाच पातळ्यांवर जोखणारं मॉडेल) लेव्हल ३ ची अट आहे, त्यामुळे दहा महिन्यांत अप्रेझल, म्हणजे त्या मॉडेलनुसार तपासणी, करायचं असं वरून ठरलंय आणि ते काम माझ्याकडे आलंय. मी मूळची टेस्टर. बग शोधण्यात अकरा वर्षं गेली, पण 'प्रोसेस इम्प्रूव्हमेंट' हे पद मला नवीन आहे.

वाचन सुरू केलंय. लेव्हल १ इनिशियल, २ मॅनेज्ड, ३ डिफाइन्ड, ४ क्वांटिटेटिव्हली मॅनेज्ड, ५ ऑप्टिमायझिंग. नावं पाठ झाली. पण सोमवारी सकाळी टीम कामाला बसेल तेव्हा काय वेगळं दिसायला हवं, हे काही केल्या डोळ्यासमोर येत नाही. पातळी वाढली हे आतल्या माणसाला कशावरून कळतं? २ ला वळसा घालून थेट ३ ची तयारी करता येते का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा. मला हे काम मनापासून नीट करायचंय.

चकवा

टेम्प्लेट भरा, अप्रेझल द्या, मोकळे व्हा. यातून कोड सुधारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

जुना खलाशी

सांजवेळताई, तुम्ही सोमवार सकाळचं विचारलंत. मी म्हणेन, शुक्रवार संध्याकाळ बघा. सोमवारी सगळ्यांचीच प्रोसेस छान असते. रिलीजला दोन दिवस उरलेत, मोठा बग निघालाय, ग्राहकाचे फोन सुरू आहेत, अशा वेळी तुमची टीम आधी काय सोडून देते ते टिपून ठेवा. बहुतेक ठिकाणी आधी रिव्ह्यू (दुसऱ्याने कोड तपासणं) जातो, मग रिग्रेशन टेस्टिंग (आधी चालणारं काही बिघडलं नाही ना याची तपासणी), मग कुठली फाइल कोणी कधी बदलली त्याची नोंद.

हे माझ्या मनचं नाही. सीएमएम म्हणजे सीएमएमआयचा आधीचा अवतार, त्याची १.१ आवृत्ती १९९३ ची. तिच्यात पहिल्या पातळीचं वर्णनच असं आहे की अडचण आली की ठरवलेली पद्धत बाजूला पडते आणि सगळे नुसत्या कोडिंग-टेस्टिंगवर येतात. काम होतच नाही असं नाही. होतं, पण एखाददुसऱ्या जिगरबाज माणसाच्या जिवावर. तो माणूस दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला की त्याच्याबरोबर यशही जातं. दुसऱ्या पातळीचं जुनं नाव 'रिपीटेबल' होतं. मला तेच जास्त आवडायचं, कारण त्यात अर्थ सरळ दिसतो: मागच्या वेळी जे जमलं ते पुन्हा जमवता येतं का?

टेंडरमध्ये ही अट का असते तेही सांगतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू केली. सॉफ्टवेअरची कंत्राटं वेळेत आणि ठरलेल्या पैशांत पुरी होत नव्हती आणि काम कोणाच्या हाती द्यावं हे आधी ओळखायचं होतं. वॉट्स हम्फ्री आयबीएममध्ये २७ वर्षं काढून १९८६ मध्ये तिथे आले. १९८७ मध्ये पुरवठादार तपासायची प्रश्नावली निघाली, १९९१ मध्ये सीएमएम. पायऱ्यांची कल्पना त्याआधीची, गुणवत्तातज्ज्ञ फिलिप क्रॉसबींनी १९७९ मध्ये मांडलेल्या गुणवत्तेच्या तक्त्यातली. म्हणजे पुरवठादार पारखणं हा हेतू पहिल्यापासूनच आहे. तुमच्या ग्राहकाची अट त्याच वाटेने आली.

रातराणी

मी चकवा यांच्या बाजूने सुरुवात करते, पण माझं कारण वेगळं आहे.

माझी पहिली नोकरी एका लेव्हल ५ कंपनीत होती. नाव सांगणार नाही. मी तेवीस वर्षांची होते. अप्रेझलच्या आधीच्या आठवड्यात आम्हा पाच नव्या मुलांना एका खोलीत बसवलं आणि मागच्या नऊ महिन्यांच्या रिव्ह्यू मीटिंग्जचे मिनिट्स लिहायला सांगितले. त्यातल्या निम्म्या मीटिंग्ज झाल्याच नव्हत्या. कोण हजर होतं, कोणता मुद्दा निघाला, तो कधी बंद झाला, सगळं मनाने लिहायचं. एका मिनिट्सवर मी चुकून रविवारची तारीख टाकली. आमच्या साहेबांनी कागद वाचला, रविवारवर गोल केला आणि म्हणाले, "एवढी तारीख बदल, बाकी छान झालंय."

छान झालंय हे ऐकून मला तेव्हा बरं वाटलं होतं. ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्ससुद्धा (ग्राहकाची कोणती रिक्वायरमेंट कुठल्या कोडमध्ये आणि टेस्टमध्ये आहे याचा तक्ता) असाच उलटा भरला, तयार कोडवरून मागे रिक्वायरमेंटकडे. पुढे त्याच प्रोजेक्टमध्ये एक रिक्वायरमेंट पूर्णपणे सुटल्याचं ग्राहकाला सापडलं. मॅट्रिक्समध्ये मात्र तिच्यासमोर टेस्ट केसचा नंबर होता.

सांजवेळ, एवढीच विनंती. तुमच्या हाताखालच्या कोणावर ही वेळ आणू नका.

ओंजळ

रातराणी, वाचून वाईट वाटलं. माझ्याही एका जुन्या ठिकाणी 'एव्हिडन्स तयार करणं' हा शब्दप्रयोग सर्रास चालायचा. एव्हिडन्स गोळा करायचा असतो. तयार करायचा नसतो. शब्द इतका रुळला होता की कोणाला खटकायचाही नाही.

तळटीप

थोडी माहितीची भर घालतो, कारण अशा चर्चेत दोनतीन गोष्टींचा नेहमी घोळ होतो.

सीएमएमआयचं 'सर्टिफिकेट' नसतं. ते अप्रेझल असतं आणि त्याचा निकाल तीन वर्षं धरला जातो. शिवाय तो निकाल ज्या विभागाचं अप्रेझल झालं त्याचाच असतो. मोठ्या कंपनीच्या एका विभागाला लेव्हल ५ मिळाली म्हणून शेजारच्या विभागाचं काम तसंच असेल असं नाही. टेंडर काढणाऱ्यांनी हे तपासायला हवं, पण फार थोडे तपासतात.

दुसरं, रातराणींनी सांगितला तो प्रकार मॉडेल सांभाळणाऱ्यांनाही ठाऊक होता. सीएमएमआय २००० साली आलं, १.३ आवृत्ती २०१० ची. तोवर कोणते प्रोजेक्ट दाखवायचे हे ठरवण्यात कंपनीचा बराच हात असायचा. मॉडेल २०१६ पासून इसाका या आयटी क्षेत्रातल्या व्यावसायिक संघटनेकडे आहे. २०१८ च्या २.० आवृत्तीनंतर कोणत्या प्रोजेक्टमधलं काय तपासायचं याचा नमुना रँडम पद्धतीने निघतो. शिवाय पद्धत सवयीची झाली आहे का, वरिष्ठ त्यात स्वतः लक्ष घालतात का, यासाठी वेगळे भागच घातले. सध्याची आवृत्ती ३.०, २०२३ ची. खोटेपणा यामुळे संपला असं मी म्हणणार नाही, पण आठवडाभर आधी खोलीत बसून सगळं उभं करणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही.

चकवा

रातराणींचा अनुभव वाचल्यावर माझा मुद्दा आणखी पक्का झाला. पण नुसतं नाही म्हणून थांबत नाही, कारण लिहितो.

आम्ही दिवसातून तीनचार वेळा रिलीज करतो. कोड रिव्ह्यूशिवाय मर्ज होतच नाही, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळत नाही, टूल अडवतं. प्रत्येक मर्जला टेस्ट आपोआप चालतात. काय बदललं, कोणी बदललं, कशासाठी बदललं, सगळं व्हर्जन कंट्रोलमध्ये आहे. काही बिघडलं तर दहा मिनिटांत मागच्या व्हर्जनवर जातो. यासाठी आम्हाला कोणत्या पातळीची गरज लागली नाही. खलाशीकाका म्हणतात ती शुक्रवार संध्याकाळ आमच्याकडे येतच नाही.

पिंपळपान

चकवा, तुम्ही जे लिहिलंत ना, ते दुसऱ्या पातळीचं उत्तम वर्णन आहे!

खरंच सांगते. कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट (कोड आणि फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणं), बदलांची नोंद, ठरलेला रिव्ह्यू वगळता न येणं, हे सगळं मॉडेलला हवंच आहे. ते वर्ड फाइलमध्ये हवं की पाइपलाइनमध्ये (कोड तपासून रिलीजपर्यंत नेणाऱ्या आपोआप चालणाऱ्या साखळीत), याबद्दल मॉडेल काही म्हणत नाही. काय साधायला हवं ते सांगतं, कसं साधायचं ते तुमच्यावर सोडतं. अजाइल (छोट्या टप्प्यांत, सतत बदल करत काम करायची पद्धत) आणि सीएमएमआय एकमेकांचे वैरी नाहीत अशा आशयाचा अहवाल खुद्द त्या इन्स्टिट्यूटनेच २००८ मध्ये काढला होता.

आता मला एक सांगा. तुमच्या कंपनीत तुमच्यासारख्या किती टीम आहेत, आणि सगळ्यांच्या पाइपलाइन सारख्या आहेत का? एका टीमला एखादा धडा मिळाला तर दुसऱ्या टीमला तो कसा कळतो?

चकवा

पाच टीम. पाइपलाइन पाचही वेगळ्या. धडा... जेवताना कळला तर कळला.

मागच्याच महिन्यात शेजारच्या टीमचं डेटाबेस मायग्रेशन फसलं. अगदी तसंच आमचं दोन वर्षांपूर्वी फसलं होतं आणि आम्ही त्यावर तपासणीची एक पायरी बसवली होती. त्यांना कोणी सांगितलंच नाही. पिंपळपान, मुद्दा पटला. कागदांबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.

पिंपळपान

हेच २ आणि ३ मधलं अंतर! दुसऱ्या पातळीवर प्रत्येक प्रोजेक्ट आपापल्या पद्धतीने शिस्तीत चालतो. तिसऱ्यावर तुमची ती मायग्रेशनची पायरी सगळ्या संस्थेची होते. शेजारच्या टीमला ती पहिल्या दिवसापासून आयती मिळते आणि नको असेल तर ती का गाळली हे त्यांना लिहावं लागतं. त्याला टेलरिंग म्हणतात.

अनामिका_७

सांजवेळ यांचा २ ला वळसा घालण्याचा प्रश्न मागे पडला. आम्ही तो प्रयोग केलाय.

आमच्याकडे तिघांच्या गटाने चार महिने बंद खोलीत बसून 'संस्थेची प्रमाण पद्धत' लिहिली. बासष्ट टेम्प्लेट, सुंदर फ्लोचार्ट. लिहिणारी माणसं हुशार होती आणि त्यांनी मेहनतही घेतली. पण त्या वेळी आमच्या एकाही प्रोजेक्टला स्वतःच्या कामाला किती तास लागतात हे माहीत नव्हतं. मग प्रमाण पद्धत कशावरून लिहिली? पुस्तकावरून. एस्टिमेशनच्या टेम्प्लेटमध्ये 'मागील प्रोजेक्टचा अनुभव' असा रकाना होता आणि सगळ्यांनी तिथे 'लागू नाही' लिहिलं. वर्षभर हेच चाललं.

नंतर आमच्या एका टीम लीडने वेगळीच गोष्ट केली. तिने साधी शीट काढली: काम, अंदाजे तास, प्रत्यक्ष तास, आणि फरक का पडला याची एक ओळ. बस्स. तीन रिलीज तिने ती स्वतः भरली, कोणाच्या मागे लागली नाही. चौथ्या रिलीजच्या प्लॅनिंगला मॅनेजरने नेहमीप्रमाणे विचारलं, "रिपोर्टिंगचं मॉड्यूल आठ दिवसांत होईल ना?" तिने शीट उघडून दाखवली. त्या प्रकारच्या कामाला तीनही वेळा अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागला होता आणि कारणाच्या ओळीत तिन्ही वेळा एकच गोष्ट होती: ग्राहकाकडून सँपल डेटा उशिरा आला. मॅनेजर दोन मिनिटं गप्प बसले. मग त्यांनी ग्राहकाला फोन लावला, दिवसांबद्दल नाही, डेटाबद्दल. मॉड्यूल नऊ दिवसांत झालं.

पुढच्या सहा महिन्यांत बाकीच्या टीमनी ती शीट मागून नेली. आमच्या आजच्या प्रमाण पद्धतीतलं एस्टिमेशनचं पान म्हणजे तीच शीट. बासष्टपैकी आता एकोणीस टेम्प्लेट उरलेत आणि ते वापरात आहेत.

जुना खलाशी

अनामिका, हा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. पायरी गाळू नये असं मॉडेल म्हणतं ते याचसाठी. खालच्या पायरीवर जे साठतं त्यातूनच वरची पायरी बांधायची असते. संस्थेची पद्धत प्रोजेक्टच्या अनुभवातून वर यायला हवी, आणि अनुभवाची नोंदच नसेल तर वर येणार काय?

अप्रेझल थेट तिसऱ्या पातळीचं करता येतं, त्याला आडकाठी नाही. पण तिसरीत दुसरीचं सगळं धरलेलं असतं. जुन्या १.३ आवृत्तीत दुसरीचे सात प्रोसेस एरिया (लक्ष द्यायची क्षेत्रं) होते आणि तिसरीचे अकरा, मिळून अठरा. म्हणून कामाला लागताना दुसरीचं सगळं आधी.

वाटाड्या

धाग्याला फाटा फोडतोय, क्षमस्व. ४ आणि ५ वर नेमकं काय असतं? मी आजवर पाहिलेला प्रत्येक 'लेव्हल ४' म्हणजे एक्सेलचे रंगीत आलेख.

गणिती

वाटाड्या, हा माझा जिव्हाळ्याचा विषय, थोडं सविस्तर लिहितो.

चौथीचा गाभा म्हणजे संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये मांडलेला कंट्रोल चार्ट. कोणत्याही कामात चढउतार असतातच. काही चढउतार त्या पद्धतीच्या अंगचेच असतात, काही बाहेरून आलेल्या वेगळ्या कारणाने होतात. दोन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून आधी ते ओळखता यायला हवेत.

आमचं उदाहरण देतो. कोड रिव्ह्यूचा वेग, म्हणजे तासाला किती ओळी तपासल्या, हे आम्ही मोजायचो. हम्फ्री तासाला दोनशे ओळींच्या आत राहा म्हणायचे. आमची सरासरी १८० होती. लागोपाठच्या दोन रिव्ह्यूंमधल्या फरकांची सरासरी काढायची, तिला २.६६ ने गुणायचं आणि ते सरासरीच्या वर-खाली मांडायचं. या झाल्या मर्यादा. आमची वरची मर्यादा साधारण ३१० आली. एके दिवशी एक बिंदू थेट ५४० वर. पहिली प्रतिक्रिया अशी की रिव्ह्यू करणाऱ्याने पाट्या टाकल्या. त्याला बोलावण्याआधी मी ती फाइल उघडली. निम्म्याहून जास्त ओळी टूलने आपोआप तयार केलेल्या होत्या. माणूस निर्दोष होता, आमची मोजणी चुकीची होती. आपोआप तयार झालेला कोड वेगळा काढल्यावर मर्यादा आणखी जवळ आल्या आणि चार्ट उपयोगी पडायला लागला.

त्या दिवशी मी कारण न शोधता त्या मुलाला बोललो असतो, तर पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी रिव्ह्यूचे तास बरोबर १८० च्या हिशोबाने भरले असते. आकडे माणसांना मापायला वापरले की आकडे बिघडतात, हे मी त्यानंतर प्रत्येक नव्या मॅनेजरला सांगत आलोय.

पाचवी म्हणजे हे समजल्यावर पद्धतच बदलणं, आणि बदलाने खरंच फरक पडला का हे त्याच आकड्यांवर तपासणं. स्पेस शटलचं उड्डाणाचं सॉफ्टवेअर लिहिणारा आयबीएमचा ह्यूस्टनमधला गट १९८९ मध्येच पाचव्या पातळीवर गणला गेला होता. तिथे एखादी चूक सापडली की ती दुरुस्त करून थांबत नसत. ती पद्धतीतून निसटली कशी हे शोधत, आणि तशाच चुका आणखी कुठे लपल्या असतील ते धुंडाळत.

वाटाड्या

तो ५४० चा बिंदू कायम लक्षात राहील. मनापासून आभार.

चकवा

जाता जाता. संगणकशास्त्रज्ञ अँथनी फिंकेलस्टाइन यांनी १९९२ मध्ये याच मॉडेलच्या उण्या पातळ्या मांडणारा एक गमतीशीर लेख लिहिला होता. शून्यापासून सुरू होऊन खाली खाली जाणाऱ्या! माझ्या मते रातराणींच्या त्या खोलीची जागा तिथेच कुठेतरी.

रातराणी

चकवा :)

गणिती, तुम्ही त्या मुलाला बोलवण्याआधी फाइल उघडलीत. आमच्याकडे कोणी उघडली असती तर मी कदाचित टिकले असते.

ओंजळ

सांजवेळ कुठे आहेत? धागा काढून गायब?

सांजवेळ

गायब नाही, कामाला लागले होते! सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. खलाशीकाकांची शुक्रवार संध्याकाळ डोक्यात बसली, म्हणून टेस्टरच्या सवयीने आधी तेच खणून काढलं.

मागच्या तीन रिलीजचे शेवटचे दोन आठवडे घेतले आणि रिव्ह्यूच्या नोंदी एकेक करून वाचल्या. सुरुवातीच्या दिवसांत प्रत्येक बदलाखाली चार-पाच टिपा दिसतात. 'इथे नल तपासा', 'हे नाव बदला', 'ही टेस्ट अपुरी आहे'. शेवटच्या दोन दिवसांत टिपांच्या जागी फक्त 'ठीक'. कित्येक ठिकाणी तो 'ठीक' मर्ज झाल्यानंतर लिहिलेला. एका बदलावर रात्री १:४० ला मर्ज आणि सकाळी ९:१५ ला 'ठीक'. मग ग्राहकाकडून आलेले गंभीर बग त्या बदलांशी जुळवले. तीन रिलीजचे मिळून सात. त्यातले पाच शेवटच्या दोन दिवसांतल्या बदलांमधले.

हे पाच मी टेस्टर म्हणून स्वतः नोंदवून घेतले होते, प्रत्येकावर 'टेस्टिंगमध्ये सुटला' असा शेरा होता. आम्ही तिन्ही वेळा टेस्ट केसेस वाढवत बसलो.

तक्ता एका पानाचा केला आणि वरिष्ठांसमोर ठेवला. लेव्हल हा शब्द उच्चारलाही नाही. ठरलं ते असं: मर्जआधी रिव्ह्यू नसेल तर टूल अडवेल (चकवा, धन्यवाद), शेवटच्या दोन दिवसांत आलेला बदल दोघं बघतील, आणि पुढच्या रिलीजपासून अनामिकांची शीट दोन टीम वापरतील. सगळ्या नाही, दोनच. पहिले पाच महिने फक्त दुसऱ्या पातळीच्या गोष्टींवर. तिसरीचं लिखाण त्यानंतर, जे रुजलं असेल त्यावरूनच.

टेंडरची तारीख हलणार नाही म्हणाले. पण मी रातराणींचा प्रतिसाद वाचून दाखवला, नाव न घेता. झालेली नाही अशा मीटिंगचे मिनिट्स आणि मागच्या तारखेची कोणतीही नोंद इथे कोणी लिहिणार नाही, त्यामुळे पातळी हुकली तरी चालेल, असं त्यांनी मला मेलवर लिहून दिलंय.

अनामिका_७

शीटमधली कारणाची ओळ सक्तीची करू नका. सक्ती केली की 'इतर' असं भरतात. सुरुवातीला तुम्ही जवळ जाऊन विचारा आणि तुम्हीच लिहा.

गणिती

आणि 'ठीक' मोजायला सुरुवात केलीत तर नावं काढून मोजा, ताई.

रातराणी

सांजवेळ, तो मेल तुमच्या इनबॉक्समध्ये ठेवू नका. प्रोजेक्टच्या बाकी कागदपत्रांबरोबर, सगळ्यांना उघडता येईल अशा जागी ठेवा. आणि नवीन लागलेल्या मुलामुलींना पहिल्याच दिवशी दाखवा.